नाव हरवलेल्या पॅकेज-फाइलची ओळख हॅशवरून कशी पटवावी

जुना सर्व्हर ताब्यात घेतला की त्यातल्या 'लिब' फोल्डरमध्ये 'कॉमन.जार', 'कोअर-नवीन.जार' किंवा 'लॉगर-फायनल.जार' अशा नावांच्या फाइली हमखास सापडतात. मूळ पॅकेजच्या फाइलनावात आवृत्तीचा क्रमांक असतो. पण कोणीतरी घाईत तो काढून टाकलेला असतो, ती व्यक्ती केव्हाच दुसरीकडे गेलेली असते आणि फाइल मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे चालत राहते. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीतील 'लॉगफोरशेल' हा गंभीर दोष उघड झाला, तेव्हा अशा निनावी फाइलींची खरी किंमत प्रशासकांना मोजावी लागली. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या धोक्यात होत्या, २.१५.० मधली दुरुस्ती अपुरी ठरली आणि त्याच महिन्यात २.१६.०, २.१७.० व २.१७.१ पाठोपाठ आल्या. 'आमच्याकडे लॉगफोरजे आहे' एवढ्या उत्तराने भागत नव्हते. नेमकी कोणती आवृत्ती आहे, हे फाइलीगणिक सांगावे लागत होते.

अशा वेळी उपयोगी पडतो तो फाइलीचा हॅश. गावातल्या जमिनीला कोणी वडाचे शेत म्हणो की खालचे रान म्हणो, व्यवहार गट क्रमांकावरच होतो. फाइलीच्या बाबतीत फरक एवढाच, की तिचा क्रमांक कोणत्याही कार्यालयाने दिलेला नसतो. तो तिच्या आतल्या प्रत्येक बाइटवरून गणिताने निघतो. फाइलीचे नाव, तिची जागा किंवा तारीख बदलली तरी हॅश तोच राहतो आणि आतला एक बिट बदलला तरी तो पूर्णपणे वेगळा येतो. सॉफ्टवेअरची मोठी भांडारे प्रत्येक प्रकाशित फाइलीचा हॅश जपून ठेवत असल्यामुळे आपल्याकडच्या फाइलीचा हॅश काढून 'हा तुमच्या नोंदीत आहे का' असे त्यांना विचारता येते. पुढे दिलेली पद्धत मुख्यतः जावाच्या जार फाइली, म्हणजे जावा प्रोग्रामचे भाग एकत्र बांधलेली गाठोडी, डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण नाव हरवण्याचा रोग तेथे सर्वांत जास्त आहे. इतर भाषांच्या पॅकेजांचे वेगळेपण त्या-त्या जागी सांगितले आहे.

हॅश काढण्यापूर्वी आणि काढताना

फाइल उघडू नये, पुन्हा झिप करू नये, एडिटरमध्ये जतन करू नये. सर्व्हरवरून आपल्या संगणकावर आणायची असेल, तर ती बायनरी पद्धतीनेच आणावी. एफटीपी या फाइल-वाहतुकीच्या सोयीच्या मजकूर-पद्धतीत ओळींच्या शेवटची चिन्हे बदलली जातात आणि त्यानंतर निघणारा हॅश जगात कोठेही सापडत नाही. शक्य असेल तर हॅश सर्व्हरवरच काढावा आणि फक्त तो हॅश बरोबर न्यावा.

शा-२५६ आणि शा-१ या हॅश काढण्याच्या दोन पद्धती, म्हणजे अल्गोरिदम आहेत. लिनक्सवर त्यांच्यासाठी 'शा२५६सम' आणि 'शा१सम' या आज्ञा आधीपासून असतात. मॅकवर 'शासम' ही आज्ञा 'ए' या पर्यायासह आणि त्यापुढे २५६ किंवा १ हा आकडा देऊन चालवावी. विंडोजवर पॉवरशेलमधील 'गेट-फाइलहॅश' वापरावी. तिला काही सांगितले नाही तर ती शा-२५६ काढते, म्हणून शा-१ हवा असेल तेव्हा अल्गोरिदमचे नाव स्पष्ट द्यावे लागते. मी नेहमी दोन्ही हॅश एकदमच काढून ठेवतो. शा-२५६ हा आजचा भरवशाचा हॅश आहे. पण जुन्या भांडारांच्या शोधसेवा शा-१ वर उभ्या आहेत, त्यामुळे व्यवहारात दोन्हींची गरज पडते.

कोणीतरी हॅश पाठवला आणि तो कोणत्या अल्गोरिदमचा आहे हे लिहिले नसेल, तर लांबीवरून अंदाज येतो. षोडशमान पद्धतीत, म्हणजे ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे वापरून लिहिलेला एमडी-५ हा ३२ चिन्हांचा असतो, शा-१ हा ४०, शा-२५६ हा ६४ आणि शा-५१२ हा १२८ चिन्हांचा. मात्र लांबी हा केवळ अंदाज आहे, कारण त्याच लांबीचे इतरही अल्गोरिदम आहेत. उदाहरणार्थ, पायथनचे भांडार पायपीआय शा-२५६ सोबत ब्लेक-२बी या अल्गोरिदमचा २५६ बिटांचा हॅशही देते आणि तोही ६४ चिन्हांचाच असतो.

शोधाला लागण्यापूर्वी एक छोटी तपासणी पुष्कळ वेळ वाचवते. फाइलीचा आकार पाहावा आणि तिचे पहिले दोन बाइट पाहावेत. जार, पायथनचे व्हील, डॉटनेटचे न्यूगेट पॅकेज आणि अँड्रॉइडचे एपीके या सर्व मुळात झिप फाइली आहेत आणि त्यांची सुरुवात 'पीके' या दोन अक्षरांनी होते. झिप स्वरूपाचे जनक फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे आहेत. सुरुवात तशी नसेल, तर बहुधा डाउनलोड करताना पॅकेजऐवजी लॉगिनचे किंवा चुकीच्या सूचनेचे पान त्या नावाने जतन झालेले असते. शा-२५६ 'ई३बी०सी४४२' ने, शा-१ 'डीए३९ए३ईई' ने किंवा एमडी-५ 'डी४१डी८सीडी९८' ने सुरू होत असेल, तर तेथेच थांबावे, कारण हे पूर्णपणे रिकाम्या फाइलीचे हॅश आहेत आणि एवढी तीन रूपे लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

विचारणा कोठे आणि कशी करावी

जावाच्या पॅकेजांचे मध्यवर्ती भांडार म्हणजे मेव्हन सेंट्रल. तेथे प्रत्येक जारच्या शेजारी तिच्या शा-१ आणि एमडी-५ हॅशच्या छोट्या फाइली ठेवलेल्या असतात. त्याच्या जुन्या शोध-एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रामने थेट विचारणा करण्याच्या सोयीत, शा-१ च्या क्षेत्राला केवळ '१' असे नाव आहे. म्हणून शोधाचा मजकूर '१', मग विसर्गचिन्हासारखा कोलन आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत ४० चिन्हांचा हॅश, असा लिहितात. उत्तरात गटाचे नाव, पॅकेजचे नाव आणि आवृत्ती असे तीन भाग येतात. लॉगफोरजेच्या मुख्य जारसाठी गट 'ऑर्ग.अपाची.लॉगिंग.लॉगफोरजे' आणि पॅकेज 'लॉगफोरजे-कोअर' असे येईल, त्यापुढे आवृत्ती.

एकापेक्षा जास्त भाषांची पॅकेजे एकाच ठिकाणी शोधायची असतील, तर गूगल चालवत असलेली 'डेप्स डॉट डेव्ह' ही सेवा वापरावी. तिच्या एपीआयमध्ये हॅशचा प्रकार आणि हॅशचे मूल्य दिले की तो बाळगणाऱ्या पॅकेज-आवृत्त्या मिळतात. येथे एक अडचण आहे आणि तिच्यात बहुतेक जण पहिल्यांदा अडखळतात, म्हणून ती सविस्तर सांगतो. ही सेवा हॅश षोडशमान रूपात घेत नाही, तो बेस-६४ रूपात, म्हणजे ६४ चिन्हांच्या संचात लिहिलेला मागते. षोडशमान मजकूर जसाच्या तसा बेस-६४ मध्ये बदलला तर उत्तर कधीच येत नाही, कारण आपण हॅशचे नव्हे तर हॅशच्या लेखनाचे रूपांतर केलेले असते. आधी षोडशमान चिन्हांच्या जोड्यांचे मूळ बाइट करावेत आणि मग त्या बाइटांचे बेस-६४ करावे. लिनक्सवर 'एक्सएक्सडी' या साधनाला उलट आणि साध्या रूपाचे पर्याय देऊन त्याचे उत्पादन 'बेस६४' या आज्ञेत सोडले की काम होते. बरोबर झाले का, हे लांबीवरून ताडता येते: शा-१ मूळचे २० बाइट असल्याने त्याचे बेस-६४ रूप २८ चिन्हांचे असते आणि शा-२५६ चे ४४ चिन्हांचे. शा-१ साठी ५६ चिन्हे आली, तर चूक झाली असे समजावे. शिवाय बेस-६४ मध्ये येणारी अधिक, तिरकी रेघ आणि बरोबर ही चिन्हे पत्त्यात जशीच्या तशी चालत नाहीत, त्यांचे टक्के-चिन्हाने सुरू होणारे सांकेतिक रूप करावे लागते.

हेच बेस-६४ रूप इतरत्रही भेटते. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज-व्यवस्थेच्या 'पॅकेज-लॉक' फाइलीतील 'इंटिग्रिटी' या नोंदीत अल्गोरिदमचे नाव, जोडरेघ आणि त्यापुढे बेस-६४ हॅश असतो, तो बहुधा शा-५१२ असतो. पायथनच्या व्हीलमध्ये 'रेकॉर्ड' नावाची एक यादी असते, तिच्यात आतल्या जवळजवळ प्रत्येक फाइलीचा शा-२५६ बेस-६४ मध्ये लिहिलेला असतो. पण तेथे पत्त्यात चालणारी चिन्हे वापरतात आणि शेवटचे बरोबर-चिन्ह गाळतात, त्यामुळे तो ४४ ऐवजी ४३ चिन्हांचा दिसतो. गो भाषेच्या 'गो.सम' फाइलीतील 'एच१' ने सुरू होणारा हॅश तर फाइलीचा नसतोच; तो मॉड्यूलमधील सर्व फाइलींच्या हॅशांची यादी करून त्या यादीचा काढलेला असतो. म्हणून झिप फाइलीचा शा-२५६ त्याच्याशी पडताळत बसण्यात अर्थ नाही.

डेबियन या लिनक्स-प्रकाराच्या पॅकेजांसाठी 'स्नॅपशॉट' हे संग्रहालय मला फार मोलाचे वाटते. २००५ पासून डेबियनच्या भांडारात आलेली पॅकेजे त्यात दिवस-वेळेनुसार ठेवलेली आहेत आणि प्रत्येक फाइल शा-१ वरून मिळते. त्यामुळे आजच्या भांडारातून कधीच नाहीशी झालेली जुनी पॅकेज-फाइलही ओळखता येते. सुटी स्रोत-फाइल ओळखायची असेल, तर फ्रान्समधील इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलेला सॉफ्टवेअर हेरिटेज हा संग्रह पाहावा. तेथे शा-१ आणि शा-२५६ वरून फाइल शोधता येते. मात्र कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाचा हॅश आणि फाइलीचा साधा शा-१ यांत गल्लत करू नये: गिट फाइलीच्या आधी 'ब्लॉब' हा शब्द, फाइलीचा आकार आणि एक शून्य बाइट जोडून मग हॅश काढते, त्यामुळे एकाच फाइलीचे दोन वेगळे शा-१ दिसतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

पॅकेज नसून एखादा सुटा प्रोग्राम असेल, तर अमेरिकेच्या निस्ट या संस्थेचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर संदर्भ ग्रंथालय आणि लक्झेंबर्गच्या 'सर्कल' या संस्थेची 'हॅशलुकअप' सेवा यांकडे वळावे. हॅशलुकअपची यादी ब्लूम फिल्टर या आटोपशीर, 'बहुधा आहे' किंवा 'नक्की नाही' एवढेच सांगणाऱ्या रूपात उतरवून घेता येते, त्यामुळे इंटरनेट नसलेल्या बंदिस्त जाळ्यातही प्राथमिक चाळणी करता येते.

एक खबरदारी या टप्प्यावरच घ्यावी. हॅशवरून शोधताना फाइल बाहेर जात नाही, पण व्हायरसटोटलसारख्या फाइलींतले व्हायरस तपासणाऱ्या सेवेवर फाइलच चढवली तर ती तेथील इतर सदस्यांच्या हाती पडू शकते. आपल्या संस्थेत तयार झालेली जार, तिच्यात असलेले पासवर्ड आणि पत्ते यांच्यासह, अशा रीतीने बाहेर गेली तर ती परत आणता येत नाही. म्हणून फक्त हॅशच द्यावा.

उत्तर मिळाले तर

उत्तर मिळाल्याबरोबर काम संपले असे मानू नये. शा-१ च्या आधारे मिळालेली ओळख कच्ची समजावी, कारण २३ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने आणि गूगलने एकच शा-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जगापुढे ठेवल्या. एमडी-५ ची अशी टक्कर २००४ मध्येच दाखवली गेली होती. अपघाताने अशी टक्कर होण्याची शक्यता नगण्य आहे. पण मुद्दाम घडवलेल्या फाइलीचा संशय असेल, तर केवळ शा-१ वर निर्भर राहता येत नाही. त्यामुळे उत्तरात आलेल्या पॅकेजची मूळ प्रत भांडारातून स्वतः उतरवावी, तिचा शा-२५६ काढावा आणि आपल्या फाइलीच्या शा-२५६ शी तो पहिल्या चिन्हापासून शेवटच्या चिन्हापर्यंत जुळवावा. पहिली सहा आणि शेवटची सहा चिन्हे डोळ्यांनी पाहून समाधान मानण्याची सवय मी अनेक चांगल्या प्रशासकांमध्ये पाहिली आहे. ती सोडावी आणि तुलना आज्ञेकडूनच करवून घ्यावी.

कधीकधी एकाच हॅशला अनेक उत्तरे येतात. एकच जार वेगवेगळ्या गटांच्या नावाखाली पुन्हा प्रकाशित झालेली असते किंवा फाइल इतकी छोटी असते, की ती शेकडो पॅकेजांत जशीच्या तशी आढळते. परवान्याचा मजकूर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. अशा वेळी मूळ प्रकल्पाच्या अधिकृत गटातील नोंद निवडावी आणि बाकीच्या नोंदीही टिपून ठेवाव्यात.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, कारण तिच्याबाबत गैरसमज फार आहे. हॅश जुळला याचा अर्थ 'ही तीच फाइल आहे' एवढाच होतो. 'ही फाइल चांगली आहे' असा होत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकोचन-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेले मागचे दार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, उघडकीस आले. त्या फाइली अधिकृत प्रकाशकाच्याच हातून बाहेर पडल्या होत्या, त्यामुळे त्यांचे हॅश प्रकाशित हॅशशी तंतोतंत जुळत होते. याउलट फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरून डाउनलोडचा दुवाच बदलला होता. ज्या पानावरून फाइल घेतली त्याच पानावरचा हॅश पुरावा म्हणून धरण्यात काय धोका आहे, हे त्यावरून दिसते: जो दुवा बदलू शकतो, तो शेजारचा हॅशही बदलू शकतो. म्हणून ओळख पटल्यावर ती आवृत्ती सुरक्षिततेच्या दोषांच्या यादीत आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे, आणि जेथे प्रकाशकाची डिजिटल सही उपलब्ध असेल तेथे तीही तपासावी.

उत्तर मिळाले नाही तर

हॅश सापडला नाही, याचा अर्थ फाइल संशयास्पद आहे असा नव्हे. ती त्या विशिष्ट यादीत नाही, एवढेच त्यावरून कळते. बहुतेक वेळा कारण साधे असते. मेव्हनच्या 'शेड' प्लगइनने अनेक लायब्ररी एका मोठ्या जारमध्ये मिसळलेल्या असतात, कोणीतरी जारवर आपल्या संस्थेची सही केल्याने आतल्या 'मेटा-इन्फ' फोल्डरमध्ये भर पडलेली असते किंवा तीच आवृत्ती स्रोतापासून पुन्हा बांधलेली असते. झिपमध्ये प्रत्येक फाइलीची वेळ साठवली जात असल्याने आतला कोड तोच असूनही पुनर्बांधणीत हॅश बदलतो. संकोचनाची पद्धत बदलली तरी हेच घडते. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबने आपोआप तयार होणाऱ्या स्रोत-संग्रहांसाठी गिटच्या नव्या आवृत्तीतील संकोचन लागू केले, आतल्या फाइली बदललेल्या नसतानाही हॅश बदलले, जगभरातील बांधणी-प्रक्रिया बंद पडल्या आणि तो बदल मागे घ्यावा लागला.

अशा वेळी कवच बाजूला ठेवून आत पाहावे. फाइलीची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडावी. जारमध्ये 'मेटा-इन्फ' च्या आत 'मेव्हन' फोल्डर असेल, तर तेथील 'पॉम.प्रॉपर्टीज' मध्ये गट, नाव आणि आवृत्ती सरळ लिहिलेली सापडते. एकाच जारमध्ये अशा अनेक फाइली असतील, तर ती मिसळलेली जार आहे हे तेथेच स्पष्ट होते. परंतु हा मजकूर म्हणजे फाइलीने स्वतःविषयी केलेला दावा आहे. दाव्यातील आवृत्तीची मूळ जार उतरवून तीही उलगडावी आणि दोन्हींतील क्लास फाइलींचे, म्हणजे जावाच्या तयार कोडच्या फाइलींचे, शा-२५६ एकेक करून जुळवावेत. सर्व क्लास जुळले आणि फक्त 'मेटा-इन्फ' मधला भाग वेगळा निघाला, तर ओळख पक्की झाली. थोडेच क्लास वेगळे असतील, तर कोणीतरी मध्ये हात घातला आहे आणि नेमका कोठे, हेही त्याच यादीतून समोर येते. लॉगफोरशेलच्या वेळी काही शोधसाधनांनी हीच वाट धरली होती: जारचा हॅश बाजूला ठेवून त्यांनी आतल्या 'जेएनडीआय-मॅनेजर' क्लासचा हॅश पाहिला, कारण तो आवृत्तीनुसार बदलत होता आणि मिसळलेल्या जारमध्येही शाबूत राहत होता. मात्र मिसळताना क्लासांच्या पॅकेजची नावे बदलली असतील, तर क्लासचे बाइटही बदलतात आणि ही युक्तीही लागू पडत नाही. तेव्हा फोल्डरांची रचना आणि आतले मजकूर वाचूनच अंदाज बांधावा लागतो आणि नोंदीतही तो अंदाज म्हणूनच लिहावा लागतो.

पायथनच्या बाबतीत शोध उलट बाजूने घेता येतो. पॅकेजचे नाव साधारण माहीत असेल, तर पायपीआयच्या जेसन-एपीआयमधून त्या पॅकेजच्या प्रत्येक आवृत्तीतील फाइलींचे शा-२५६ मिळतात, त्यात आपला हॅश शोधावा. एकाच आवृत्तीची वेगवेगळ्या प्रणालींसाठी वेगवेगळी व्हील असतात आणि प्रत्येकीचा हॅश वेगळा असतो, हे ध्यानात ठेवावे.

नोंद

प्रत्येक फाइलीपुढे तिचा सर्व्हरवरील पूर्ण पत्ता, आकार, शा-२५६, जिच्या आधारे शोध लागला तो हॅश आणि त्याचा अल्गोरिदम, विचारणा केलेली सेवा, विचारणेची तारीख आणि मिळालेली ओळख एवढे लिहावे. ओळख पूर्ण जुळणीची आहे, क्लास-जुळणीची आहे की अंदाजाची, हे वेगळ्या रकान्यात असावे. हीच माहिती एसपीडीएक्स किंवा सायक्लोनडीएक्स या घटक-यादीच्या ठरावीक स्वरूपात ठेवली तर पुढे साधनांना वाचता येते. मुंबईत मुख्यालय असलेल्या सेबीने ऑगस्ट २०२४ मधील सायबर सुरक्षा आराखड्यात सॉफ्टवेअरच्या घटकांची अशी यादी मागितली आहे आणि केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यामुळे हे काम आज ना उद्या करावेच लागणार आहे.

नोंद झाल्यावर फाइलीला तिचे मूळ, आवृत्तीसह असलेले नाव परत द्यावे, पण चालत्या सर्व्हरवर लगेच नव्हे. क्लासपाथमध्ये, म्हणजे जावा ज्या फाइली वाचते त्यांच्या यादीत, किंवा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये जुने नाव लिहिलेले असू शकते, म्हणून आधी सर्व संरचना-फाइलींत त्या नावाचा शोध घ्यावा, बदल चाचणी-सर्व्हरवर करून सेवा पुन्हा सुरू करून पाहावी आणि नाव बदलल्यानंतरही शा-२५६ तोच असल्याची खात्री करून मगच मुख्य सर्व्हरला हात लावावा.